अकरा चौकटींतलं घड्याळ

आप्पा साताऱ्यातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. बाल्कनीच्या मागे लोखंडी जिना, जिन्यावर केबिन, केबिनमध्ये दोन मोठी मशीन. त्या मशीनच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत आणि त्यांचा उजेड पडद्यावर जाई. आत इतकं उकडायचं की आप्पा बनियनवरच असत. मी सहा-सात वर्षांची असताना आई कधीकधी त्यांचा डबा माझ्याकडे द्यायची. डबा पोचवून मी लगेच परत येत नसे, कारण केबिनमध्ये औंधचे काका असत.

काका म्हणजे तिथले दुसरे ऑपरेटर. आप्पांपेक्षा दोन वर्षांनी लहान, गाव औंध, म्हणून आमच्या घरात ते औंधचे काका. ते मला रिळाच्या पत्र्याच्या पेटीवर बसवायचे आणि जळून उरलेले कार्बनचे तुकडे द्यायचे. बोटाएवढे, वरून तांब्याचा मुलामा असलेले. त्यांनी फरशीवर छान रेघा उमटत. आमच्या वाड्यातल्या पोरी ठिकरी खेळायच्या, तेव्हा चौकोन आखायचा मान माझा असे. खिशात कार्बन फक्त माझ्याच होता.

मग एके दिवशी मी डबा घेऊन गेले तर केबिनमध्ये आप्पा एकटेच. काका कुठे गेले म्हटल्यावर म्हणाले, "गावाला गेला." पुढच्या आठवड्यातही तेच उत्तर. मग मी विचारायचं सोडून दिलं. लहानपणी माणसं अशी जातात आणि आपण दुसऱ्या खेळाला लागतो.

त्याच सुमाराची दुसरी आठवण आहे. आमच्या कपाटात वरच्या फळीवर ॲल्युमिनियमची एक गोल डबी असायची. आप्पा कधीतरी ती उघडत, आतून फिल्मचा छोटा तुकडा काढत आणि खिडकीपाशी उभे राहून उजेडाला धरत. एकदा मी हट्टच केला, तेव्हा त्यांनी मलाही दाखवला. ओळीने अकरा चौकटी. प्रत्येकीत तेच: पाण्यातून वर आलेला पुरुषाचा हात, मनगटावर काळ्या तबकडीचं घड्याळ, तबकडीवर पांढरे ठिपके, भोवती आकडे कोरलेलं कडं.

"इंग्रजी पिच्चरमधलं हाय," आप्पा म्हणाले. "हेराचा पिच्चर व्हता. पाण्याखाली जाणाऱ्यांचं घड्याळ हाय ते."

"मी मोठी झाले की तुम्हाला घेऊन देईन," मी म्हटलं.

आप्पांनी तुकडा डबीत घातला, झाकण लावलं, डबी वर ठेवली. मला वाटलं, आपल्याला न परवडणारी गोष्ट आहे म्हणून त्यांना वाईट वाटलं. ही समजूत मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं बाळगली.

मी डॉक्टर झाले, भूलतज्ज्ञ झाले, लग्नानंतर सांगलीत स्थायिक झाले. टॉकीज बंद पडलं, तिथे मंगल कार्यालय उभं राहिलं. आई गेल्यावर आप्पांना मी सांगलीला घेऊन आले. ते आले ते एक ट्रंक घेऊन. ट्रंकेत धोतरं, आईचा फोटो आणि ती डबी.

एका सकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर एक सत्तरीचे गृहस्थ स्ट्रेचरवर होते. हर्नियाचं ऑपरेशन. हळदीचे व्यापारी, सांगलीतलं जुनं जैन घराणं. भूल देण्याआधी अंगठी, साखळी, घड्याळ सगळं काढून ठेवायला सांगतो, तसं मी सांगितलं. अंगठी त्यांनी झटकन काढली. घड्याळ काढताना मात्र थांबले.

"मॅडम, हे तुमच्याकडेच ठेवा. दुसऱ्या कुणाच्या हातात नको."

मी घड्याळ हातात घेतलं. काळी तबकडी, पांढरे ठिपके, भोवती फिरणारं कडं. मी त्यांना भूल दिली, अडीच तास त्यांची नाडी आणि श्वास बघत बसले. लक्ष सगळं तिथेच होतं. पण ॲप्रनच्या खिशातलं ते वजन मला सारखं जाणवत होतं.

चौथ्या दिवशी ते घरी जायला निघाले तेव्हा मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. आप्पांच्या नकळत डबी उघडून, खिडकीच्या काचेवर धरून काढलेला. व्यापाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोन डोळ्यांपाशी नेला.

"हे कुठे मिळालं तुम्हाला?"

"वडील टॉकीजमध्ये होते."

"घरी या," ते म्हणाले. "पोटाचे टाके निघाले की लगेच या."

मी गेले. त्यांच्या बंगल्यात एका खोलीत शिसवी कपाट होतं, त्याला उथळ कप्पे, कप्प्यांत मखमल आणि मखमलीवर घड्याळं. साठ तरी असतील. निम्मी पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांची. त्यांनी एक बाहेर काढलं आणि कडं फिरवून दाखवलं. टक टक आवाज करत ते एकाच बाजूला फिरत होतं.

"पाण्यात उतरताना हा ठिपका मिनिटकाट्यावर आणायचा. टाकीतली हवा किती वेळ पुरणार ते ह्याच्यावर बघायचं. उलटं फिरत नाही, कारण चुकून धक्का लागला तर हवा आहे त्यापेक्षा जास्त दिसेल आणि माणूस मरेल. कमी दिसली तर चालते."

"तुम्ही पोहता का?"

"छे हो. मी कृष्णेच्या घाटावर पायसुद्धा घाबरत धुतो." ते हसले नाहीत. "महापुरात गावभागातल्या आमच्या जुन्या घरात पाणी शिरलं. लोक सोनं, कागदपत्रं माडीवर नेत होते. मी आधी हे नेलं. बायको अजून बोलून दाखवते."

मग त्यांनी सगळ्यात खालचा कप्पा ओढला. त्यात एकच घड्याळ होतं. त्या इंग्रजी चित्रपटात होतं त्याच बनावटीचं, त्याच वर्षांच्या आसपासचं. तबकडीचा काळा रंग कडेला तपकिरी झाला होता, ठिपके ताकासारखे पिवळट पडले होते. चित्रपटामुळे या घड्याळामागे जगभरचे लोक लागलेले असतात, त्यांनी सांगितलं. त्यांना ते वीस वर्षांपूर्वी एका निवृत्त जहाजी इंजिनिअरकडून मिळालं होतं.

"हे मला द्याल?" मी विचारलं. "वडिलांना एक्क्याऐंशी पूर्ण होतायत. लहानपणी त्यांना कबूल केलं होतं."

"मी विकत नाही, मॅडम. मी ठेवतो," ते म्हणाले आणि कप्पा आत ढकलला.

दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. "घेऊन जा. मी वीस वर्षं ते नुसतं बघतोय. तुमच्या वडिलांनी त्याच्या दुप्पट बघितलंय." किंमत इथे लिहीत नाही. नवी गाडी घ्यायचा विचार मी त्या वर्षी सोडून दिला, एवढं सांगते. त्यांनी घड्याळ एका पांढऱ्या रुमालात गुंडाळून दिलं, फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "त्यांनी हातात घातलं की मला एक फोन करा. काय बोलले तेवढं सांगा."

आप्पांचं सहस्रचंद्रदर्शन घरातच केलं. साताऱ्याची माणसं आली होती, एक्क्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं, आप्पा नव्या धोतरात अवघडून पाटावर बसले होते. घड्याळ मी गर्दीत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर, सकाळी ते गॅलरीत पेपर वाचत होते, तेव्हा रुमाल त्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी रुमाल उलगडला. घड्याळ बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"ह्ये कुठनं आणलंस?"

"आणलं. मी म्हटलं होतं ना तुम्हाला. आठवतंय?"

मी वाकून त्यांच्या मनगटावर बांधायला लागले. त्यांनी हात मागे घेतला. हळूच नाही, चटका बसल्यासारखा. घड्याळ पेपरवर पडलं.

"मला नगं ह्ये," ते म्हणाले. "ने आत."

मी व्यापाऱ्यांना फोन केला नाही. दोन दिवस आप्पा ताटावर बसायचे आणि अर्ध्यातून उठायचे. मला राग आला होता, खरं सांगायचं तर अपमान वाटला होता. वर्षभर ज्याची वाट बघितली ते असं पेपरवर पडलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. डबी त्यांच्या हातात होती.

"बस. औंधचा काका आठवतो का तुला?"

"आठवतो. कार्बन द्यायचे."

"त्याची नोकरी माझ्यामुळं गेली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तो हेराचा चित्रपट रविवारी सकाळच्या खेळाला लागला होता, चार आठवडे. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं, गोष्ट कळत नव्हती. पण पाण्यातून तो हात वर यायचा तेवढं बघायला ते झरोक्यापाशी उभे राहायचे. शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, केबिनमध्ये कुणी नसताना त्यांनी रीळ काढलं, अकरा चौकटी कापल्या आणि दोन टोकं फिल्म सिमेंटने चिकटवली. अर्ध्या सेकंदाचासुद्धा तुकडा नाही. पडद्यावर कुणाला कळणारही नाही.

"पर सांधा नीट बसला न्हाई. घाई झाली. जिन्यात पाय वाजलं म्हणून तसंच गुंडाळलं."

रविवारी मशीनवर काका होते. त्या दिवशी टॉकीजच्या मालकांचे पाहुणे बाल्कनीत बसलेले. सांधा मशीनमध्ये सुटला, फिल्म अडकली, दिव्यासमोर थांबली आणि वितळली. पडद्यावर तपकिरी फोड आला, तो पसरत गेला आणि मग नुसता पांढरा उजेड. पब्लिकने खुर्च्या बडवल्या. खेळ बंद करावा लागला. रीळ तपासायचं काम काकांचं होतं, खेळही काकांचा होता. मालकांनी त्यांना ऑफिसात उभं केलं आणि त्याच दिवशी काढून टाकलं.

"तुम्ही तिथे होता?"

"दाराशीच व्हतो. कापलेला तुकडा खिशात व्हता."

"आणि बोलला नाहीत."

"तुझी आई बाळंत व्हायची व्हती. तुझा भाऊ पोटात." त्यांनी डबी दुसऱ्या हातात घेतली. "असं मी स्वतःला सांगतो. ती नसती बाळंत व्हायची, तर बोललो असतो का? मला ठावं न्हाई."

"मग हा तुकडा का ठेवलात?"

"टाकायचा म्हणून लय येळा काढला. टाकून झालं असतं, तर मग काय उरलं असतं त्याचं? मी बी ईसरलो असतो."

रोज दुसऱ्यांच्या वेदना बंद करणं हे माझं काम. तिथे नुसती बसून राहिले. आईला माहीत होतं का, विचारलं. नाही म्हणाले. काका कुठे आहेत, विचारलं.

"औंधात असंल. असला तर."

"आपण जाऊ," मी म्हटलं. ते नको म्हणतील असं वाटलं होतं. ते उठून धोतर बदलायला गेले. त्यांना त्या क्षणी निघायचं होतं. शेवटी रविवारी गेलो.

विट्यावरून औंधचा रस्ता धरला. यमाईचा डोंगर दिसायला लागला तेव्हा आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. स्टँडवर चौकशी केली, पूर्वी साताऱ्याला टॉकीजमध्ये होते ते गृहस्थ. पानवाला म्हणाला, "मोटारी भरायचं त्ये? त्या बोळात, निळं शटर." विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींना तांब्याची तार नव्याने गुंडाळून देणं, त्याला तिकडे मोटार भरणं म्हणतात. दुकान आता मुलगा चालवत होता. काका बाहेर फळीवर बसले होते. वाळलेले, ताठ, कानात मशीन.

आप्पा समोर उभे राहिले. काकांनी वर बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"बस," ते म्हणाले. मग आत ओरडून सांगितलं, "चा ठेवा दोन कप." माझ्याकडे वळले. "ही पोरगी ती का रं? कार्बनचं तुकडं पळवणारी?"

मी पाया पडले. मुलगा मोटारीवर काम करत आतल्या खोलीत होता. आप्पांनी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. मला वाटतं बसले असते तर त्यांच्याने बोलणं झालं नसतं.

"तो सांधा म्या केला व्हता."

"मला ठावं हाय."

आप्पांनी मान वर केली.

"तुझा सांधा मी वळखत न्हाई व्हय?" काका म्हणाले. "जळालेलं रीळ मालकानं माझ्यापुढं टाकलं तवाच बघितलं. तू बिलेड नेहमी उजवीकडनं मारायचास. माझी तशी सवय न्हवती."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." काकांचा आवाज चढला नव्हता. "मालकासमोर थांबलो. मग जिन्यात थांबलो. मग यष्टी स्टँडवर येऊन थांबलो, औंधची गाडी सुटंपर्यंत. गाडी सुटली. त्यानंतर म्या कुणाची वाट बघितली न्हाई."

चहा आला. आप्पा फळीच्या कडेवर टेकले; कप कुणी उचलला नाही. आप्पांनी पिशवीतून रुमाल काढला आणि घड्याळ काकांसमोर धरलं. ते बरोबर आणायचं आप्पांनीच ठरवलं होतं; गाडीत मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला होता, पण त्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. काकांनी घड्याळ तळहातावर घेतलं.

"जड हाय."

"तुला आणलंय."

"ह्येच्यात माझं काय न्हाई गड्या." त्यांनी ते आप्पांना न देता माझ्या हातात दिलं. "पोरी, ठेव तुझं तू."

मग आप्पांनी डबी काढली. तिचं झाकण काकांनी स्वतः उघडलं. तुकडा कडांना धरून, बोटांचे ठसे न उमटवता, त्यांनी बोळातल्या उजेडाकडे धरला. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा हलला.

"लय चरे पडल्यात," ते म्हणाले.

"प्रिंटच तशी व्हती."

"प्रिंट चांगली व्हती रं. तुझं दोन नंबरचं मशीन हलायचं. खालचा बोल्ट ढिला व्हता, म्या किती बोंबललो."

"मालक बोल्ट आणून देतोय व्हय!"

पाच मिनिटं ते दोघं त्या बोल्टवर, कार्बनच्या कंपनीवर, भर उन्हाळ्यात केबिनमध्ये कुणी किती पाणी प्यायचं त्यावर बोलले. मग काकांनी तुकडा डबीत घातला, झाकण घट्ट लावलं आणि डबी आप्पांच्या गुडघ्यापाशी सरकवली.

"घेऊन जा. एवढी वरसं तू सांभाळलंस, तूच सांभाळ."

आप्पांनी ती पिशवीत ठेवली. निघताना त्यांनी विचारलं, "पुन्हा आलो तर चालंल का?"

काका म्हणाले, "आलास तर बस हितं. न्हाई आलास तर काय."

परत आल्यावर आठवडाभराने मी घड्याळ परत द्यायला हळदीच्या व्यापाऱ्यांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

"मला वाटायचं, ह्या घड्याळाची सगळी गोष्ट मला पाठ आहे," ते शेवटी म्हणाले. "कुणी घातलं, कुठल्या समुद्रात चित्रण झालं, पट्टा कुठला होता." त्यांनी खालचा कप्पा उघडला आणि घड्याळ मूळ जागी ठेवलं. "तुम्हाला कधी परत हवं वाटलं तर आहे इथे." मला ते परत हवं वाटलं नाही. पण त्यांच्याकडे मी अधूनमधून जाते. काका कसे आहेत, असं ते आधी विचारायचे. माझी चौकशी नंतर.

त्यानंतर दोन वर्षं दर महिन्या-दीड महिन्याने मी आप्पांना औंधला नेत असे. ते दोघं दुकानासमोरच्या फळीवर बसायचे. बोलणं फार नसे. कधी मोटारीचं, कधी गुडघेदुखीचं. काकांनी माफ केलं असं कधी म्हटलं नाही, आप्पांनीही माफी मागितली नाही. एकदा परतताना मी न राहवून विचारलं, "आप्पा, तुम्हाला बरं वाटतं का इथे येऊन?" ते म्हणाले, "बरं वाटायला येत न्हाई मी."

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी काकांच्या मुलाचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. आम्ही रक्षाविसर्जनाला गेलो. आमच्या भागात त्या दिवशी नदीकाठी, ओढ्याकाठी गाव जमतं आणि चारदोन माणसं श्रद्धांजलीचं बोलतात. एक निवृत्त शिक्षक बोलले, पंचायतीतले एकजण बोलले. कष्टाळू होते, कुणाला नाही म्हटलं नाही, रात्री-अपरात्री मोटार भरून द्यायचे. आणखी कुणी बोलणार आहे का, असं विचारल्यावर माझ्या शेजारी बसलेले आप्पा उठायला लागले. मी त्यांचा दंड धरला, तो त्यांनी सोडवला.

"मी पाहुणा न्हाई," ते म्हणाले. आवाज बारीक होता, मागच्यांना ऐकू जावं म्हणून ते थांबून थांबून बोलत होते. "मी ह्यांच्याबरोबर साताऱ्याला टॉकीजमधी व्हतो. ह्यांच्या हातनं मशीन जळालं म्हणून ह्यांस्नी काढलं. ती चूक ह्यांची न्हवती. फिल्म म्या कापली व्हती. चोरली व्हती. मालकासमोर मी गप बसलो, आन् ह्यांनी माझं नाव घेतलं न्हाई. तवा बी न्हाई, मरंपर्यंत बी न्हाई. एवढंच सांगायचं व्हतं."

ते बसले. ओढ्याच्या पलीकडे बायका बसल्या होत्या, तिथली कुजबूजही थांबली. मागून एक आवाज आला, "आता सांगून काय उपेग?" त्याला कुणी गप्प केलं नाही. मग पुढचे विधी सुरू झाले.

लोक पांगल्यावर काकांचा मुलगा आमच्याकडे आला. पन्नाशीला टेकलेला, डोक्यावरचे केस नुकतेच उतरवलेले. आप्पांसमोर उभा राहिला. हा माणूस आता काय करेल याचा मला अंदाज येईना.

"आवं, तुमी दोन वरीस आमच्या दारात येऊन बसताय," तो म्हणाला. "आमाला वाटायचं, जुनं दोस्त हायत."

आप्पा मान खाली घालून उभे होते.

"गावात काय बोलत्यात ठावं हाय का तुमाला? दारू पिऊन मशीन जाळलं म्हणून हाकललं. दारूचा थेंब न्हाई घेतला माझ्या बानं कवा. माझ्या दोन भनी हायत. त्येंची लग्नं जमवताना हीच गोष्ट पुढं यायची. थोरलीचं तर लग्नाच्या याद्या झाल्यावर मोडलं. आमी बाला ईचारायचो, खरं काय झालतं? तर म्हणायचं, झालं ते झालं. आई बी तेच धरून मेली, की ह्येनीच कायतरी केलं आसंल."

"माझं चुकलं," आप्पा म्हणाले. मी त्यांच्या तोंडून हे शब्द पहिल्यांदा ऐकले.

मुलाने टॉवेलने तोंड पुसलं. राग होता, पण तो कुठे ठेवावा हे त्याला कळत नव्हतं. समोर त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा उभा होता, काठी धरून.

"थोरली आज आली न्हाई," तो म्हणाला. "तिचं ऑपरेशन झालंय. धाकटी बायकांत मागं व्हती, तिला नीट ऐकू आलं नसंल. दहाव्याला दोघी येतील. तवा येवा तुमी. त्येंच्यासमोर सांगा. पयल्यापास्नं सांगा, आत्ता घाईत सांगितलं तसं नगं."

"येतो," आप्पा म्हणाले.

दहाव्याच्या दिवशी पहाटेपासून त्यांना थोडा ताप होता. मी तपासलं, छातीही किंचित भरलेली वाटत होती. न जाण्याचं सांगायला मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते कपडे करून खाटेच्या कडेला बसले होते, हातात टोपी. डॉक्टर म्हणून मला काय म्हणायचं होतं ते मी म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पायात वहाणा सरकवल्या.

मी गाडी काढली. औंधला पोचलो तेव्हा दोघी बहिणी घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, थोरलीच्या पाठीला उशी लावलेली. भावाने आप्पांसाठी खुर्ची ठेवली. आप्पा खुर्चीवर बसले नाहीत. त्या दोघींच्या समोर, जमिनीवर, कसेबसे खाली बसले, काठी बाजूला ठेवली आणि शनिवारच्या त्या दुपारपासून सांगायला लागले.